७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम: वीस महिने, ८८० गोळ्या आणि झिजलेली नळी

मार्च २०२३मध्ये ही रायफल घेतली. कंपनीचं नाव देत नाही, कारण सांगायचंय ते काडतुसाबद्दल आणि नळीबद्दल. बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला खिट्टी हाताने मागेपुढे करायची), २६ इंची नळी, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम. हे काडतूस १९६२पासून बाजारात आहे आणि इकडे अमेरिकेत, कोलोरॅडोत, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या कितीतरी जणांकडे आजही तेच असतं.

पहिले सहा महिने अक्षरशः प्रेमात होतो. १०० यार्डांवर पाच गोळ्या पाऊण इंचात. १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचं माप) गोळीचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला सरासरी २,९३५ फूट. त्या ऑक्टोबरात राऊटच्या जंगलात २६० यार्डांवर एक मादी एल्क मिळाली. एकच गोळी, चार पावलं चालली आणि खाली बसली. वर्षभराचं मटण घरात आलं.

मग लांबचं मारण्याचा नाद लागला. जवळजवळ दर शनिवारी रेंजवर जायचो, ५०० आणि ६०० यार्डांच्या लोखंडी पाट्यांवर वीसची पेटी अर्ध्या तासात संपवायचो. नळीवर बोट टेकवलं की चटका बसायचा, आणि तरी मी पुढची गोळी भरत होतो. नुकसान झालं ते तिथे.

२०२४च्या जूनमध्ये ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या पडतात तो घोळका, फुटायला लागला. तीन गोळ्या एकमेकींना लागून आणि चौथी दीड इंच बाहेर. आधी स्कोपवर संशय घेतला. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने पुन्हा आवळले, काही फरक नाही. काडतुसांचा लॉट बदलला. मित्राला माझ्या जागी बसवून मारायला लावलं, त्याचाही ग्रुप तसाच. मग चार संध्याकाळी बसून नळीत गोळ्यांचं साचलेलं तांबं आणि दारूच्या काजळीची कडी पार काढली. दहा-बारा गोळ्या बऱ्या गेल्या, पुन्हा तेच. खरं तर क्रोनोग्राफ कधीपासून सांगत होता: वेग २,८८०वर आला होता. दारू तेवढीच, गोळी तीच, आणि ५५ फूट गायब. मी ते थंड हवेच्या खात्यावर टाकलं होतं.

शेवटी गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, नळीत बोअरस्कोप हा बारीक कॅमेरा घातला. तो पडदा अजून डोळ्यांपुढे आहे. काडतुसाचं घर संपून जिथे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, सुरू होतात, त्या घशापाशी पोलाद मे महिन्यातल्या आटलेल्या तळ्याच्या तळासारखं दिसत होतं. बारीक चौकोनी भेगा, त्यांच्या कडा काळ्या पडलेल्या. आट्यांची सुरुवातीची धार तर उरलीच नव्हती. नवी असताना घेतलेलं माप माझ्या वहीत होतं, त्याच्याशी ताडून पाहिलं. आटे ४२ हजारांश इंच पुढे सरकले होते. म्हणजे गोळी काडतुसातून सुटल्यावर आट्यांत शिरण्याआधी तेवढं जास्त अंतर मोकळी धावत होती, आणि शिरताना दरवेळी सरळच शिरेल याची खात्री राहिली नव्हती.

कारण साधं आहे. .३०८ विंचेस्टर या दुसऱ्या काडतुसात साधारण ४४ ग्रेन दारू जळते, माझ्या काडतुसात ६५च्या आसपास, आणि ती सगळी आग .२८४ इंचाच्या, म्हणजे आणखी अरुंद भोकातून बाहेर पडते. त्या वायूचं तापमान पोलादाच्या वितळबिंदूच्या वर असतं. नळी वाचते ती वेळ फार थोडा असल्यामुळे. एक गोळी नळीत सव्वा मिलीसेकंदाच्या आसपास असते. माझ्या ८८० गोळ्यांचा हिशेब करा, सगळी मिळून जेमतेम एक सेकंद आग. पण दोन गोळ्यांमध्ये नळी निवूच दिली नाही तर प्रत्येक आग आधीच तापलेल्या पोलादावर पडते. अशा काडतुसाची नळी बाराशे-पंधराशे गोळ्या चांगली चालावी, माझी नऊशेच्या आत गेली.

आपल्याकडे रायफल म्हटलं की आता कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवतो, २०२४चं पॅरिसचं कांस्य. त्याची ५० मीटरची रायफल .२२ची. चिमूटभर दारू, मऊ शिशाची गोळी. तसली नळी हजारो गोळ्या खाऊनही ठणठणीत राहते. सराव त्यावर करायचा असतो, हे मला फार उशिरा उमगलं.

त्या ऑक्टोबरात पुन्हा राऊटमध्ये गेलो. तिसऱ्या संध्याकाळी ४३० यार्डांवर मादी एल्क आडवी उभी, वारा नाही, बायपॉड (नळीखालची दोन पायांची घोडी) घट्ट टेकलेला. आदल्या वर्षी मारली असती. पण १०० यार्डांवर पावणेदोन इंच पसरणारी नळी तिथे साडेसात इंच पसरणार, त्यात माझा श्वास, त्यात कमी झालेल्या वेगामुळे गोळी खाली जाणार. पोटात गोळी घेऊन रात्रभर जंगलात फिरणारं जनावर माझ्याच्याने बघवलं नसतं. बोल्ट उघडला, काडतूस काढून खिशात ठेवलं. ती दहा मिनिटं चरली आणि देवदारांत शिरली. त्या वर्षी रिकाम्या हाताने आलो, त्याचं वाईट वाटलं नाही.

जातं टाकवून घ्यावं तसं नळी मागून इंचभर कापून नवं घर पाडता येईल का, असं गनस्मिथला विचारलं. भेगा त्याहून पुढपर्यंत गेल्यात, म्हणाला. नोव्हेंबरात नवी नळी बसवली, मजुरी धरून हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. तीन डॉलरची एक गोळी धरली तर मी त्याच्या अडीचपट पैसे नुसते जाळले होते.

रायफल म्हणून तक्रार काही नाही. ट्रिगर पहिल्या दिवसासारखा आहे, स्टॉकला, म्हणजे दस्त्याला, एक चरा आहे तो माझ्या हातून खडकावर पडला. हेच काडतूस पुन्हा घेईन का? ४०० यार्डांपर्यंत एल्कसाठी, हो. पाट्यांवर मारायला म्हणून कुणी घेत असेल तर त्याला मी हात धरून थांबवीन.

आता शनिवारी .२२ नेतो. मॅग्नमच्या फक्त तीन गोळ्या, तिन्हींमध्ये दहा-दहा मिनिटं, बोल्ट उघडा ठेवून. नव्या वहीत आज ४६ वा आकडा लिहिला. तीन गोळ्यांचा ग्रुप ०.७ इंच, वेग २,९४१.