अनुरक्षण सेवा: पैसा बरा, पण कागदं आधी लावा

बालगृहातून १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना पायावर उभं राहीपर्यंत आधार म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मिळणारी ही सेवा (आफ्टरकेअर). बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये तिची तरतूद आहे आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिन्याला ४,००० रुपये थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. मुदत २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक कारण असेल तर २३ पर्यंत. ५ पैकी ३ गुण. सेवा हवीच, पण विदर्भातल्या खेड्यांत ती पोहोचते की नाही हे त्या मुलामागे उभ्या असलेल्या समाजकार्यकर्त्यावर ठरतं.

रकमेचं आधी. तालुक्याच्या गावी भाड्याची खोली आणि किराणा यांत ४,००० रुपये कसेबसे पुरतात. नागपुरात एकट्याने राहायचं तर पुरत नाहीत. नियमांत ६ ते ८ जणांचं गटनिवास आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक सांगितला आहे. जिथे असं गटनिवास आहे तिथे तेच निवडा. खर्च वाटला जातो, आणि पोरगं आजारी पडलं तर विचारायला कोणी असतं.

अडतं कुठे? बहुतेक वेळा खात्यात. अज्ञान म्हणजे १८ च्या आतला म्हणून उघडलेलं खातं १८ झाल्यावर नव्याने केवायसी, फोटो आणि सही दिल्याशिवाय चालत नाही. त्यात १५ नंतरचं आधारचं बायोमेट्रिक अपडेट राहून गेलेलं असतं, मग बँकेत अंगठा जुळत नाही. शिष्यवृत्तीसाठी मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढून आधार जोडलं असेल तर आधारवर येणारा पैसा तिकडे जातो, आणि पोरगं इकडे पासबुक छापत बसतं. आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेलं आहे, हे अर्जाआधी तपासा. बालगृहाचा पत्ता आधारवर असेल तर नवा पत्ता ठरेपर्यंत मोबाइल नंबर तरी मुलाचा स्वतःचा टाका. अधीक्षकांच्या नंबरवर ओटीपी गेला की प्रत्येक कामाला फोन करावा लागतो.

निर्गमनोत्तर आराखडा, म्हणजे संस्था सोडल्यावर पोरगं काय करणार याची योजना, बाहेर पडण्याच्या २ महिने आधी सादर करायचा असतो. आमच्या मते तोवर फार उशीर झालेला असतो. सोळाव्या वर्षापासून, संस्थेत प्रत्येक मुलासाठी असणाऱ्या वैयक्तिक काळजी आराखड्यातच जन्मदाखला, टीसी, जात प्रमाणपत्र, रहिवासी दाखला यांवरचं नाव एकसारखं आहे का ते पाहत जा. टीसीवर एक आडनाव, आधारवर दुसरं असलं की आयटीआयचा प्रवेश तिथेच अडकतो. आई-वडील दोघेही नसतील तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज करा. शिक्षण आणि नोकरीतलं १ टक्का आरक्षण त्यावरच मिळतं.

आता एक गोष्ट, जी आराखड्याच्या नमुन्यात सापडत नाही आणि इकडे सर्वांत मोलाची आहे: सातबारा. शेतकरी बापाच्या आत्महत्येनंतर संस्थेत आलेल्या मुलाचं नाव वारस म्हणून लागलं असेल, तर पुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असा शेरा आणि पालनकर्त्याचं नाव असतं. १८ झाल्यावर वयाचा पुरावा जोडून पटवाऱ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर शेरा कमी करण्याचा अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून घ्यायचा. शेरा तसाच राहिला तर पीककर्जासाठी किंवा वाटणीत पोराला काका-मामांच्या तोंडाकडे पाहावं लागतं. वारस नोंदच झाली नसेल तर मृत्यू दाखल्यापासून सुरुवात करा. जो समाजकार्यकर्ता हे विचारतो, तो आपलं काम जाणतो.

दिवाळीनंतर कापसाचं जिनिंग (सरकी काढण्याचं काम) सुरू झालं की रोजंदारी मिळते आणि पोरं आयटीआय अर्ध्यावर सोडतात. या महिन्यांत फोनवर भागत नाही, खोलीवर जाऊन भेटावं लागतं. धारणी, जिवती, एटापल्लीसारख्या तालुक्यांतून जिल्ह्याला येण्यात मजुरी बुडते, म्हणून भेट तिकडेच ठेवा.

दिव्यांग मुलांसाठी मात्र ही सेवा तोकडी आहे. गतिमंद मुलाला १८ नंतर ४,००० रुपये देऊन स्वतंत्र करता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं हेच मागत आले आहेत, की अशा मुलांना १८ नंतरही संस्थेतच राहू द्यावं. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी मान्य होईपर्यंत अशा मुलाच्या आराखड्यात दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड आणि राहण्याची लेखी सोय, तिन्ही १८ च्या आत असल्याशिवाय त्याला बाहेर पाठवण्याच्या कागदावर सही करू नका.