बल आणि गतीचं किट घेतलं नववीच्या लेकीसाठी, दोन महिने वापरून झाल्यावर लिहितेय

स्टेट बोर्डवाल्यांना माहितीच आहे, नववीच्या सायन्सचा पहिलाच धडा गतीचे नियम. लेकीला तीनही नियम तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, पण एकदा कॅरम खेळताना मी सहज विचारलं की बोट सुटल्यावर स्ट्रायकर पुढे का जात राहतो गं, तर म्हणाली त्याच्यात बोटाचं बल भरलेलं असतं ना, ते संपलं की थांबतो. तेव्हाच ठरवलं की हे हाताने करून बघितल्याशिवाय डोक्यात बसायचं नाही. जूनमध्ये पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, तिथून जवळच एका दुकानात हे किट मिळालं, 1,450 रुपये. ट्रॉली, 1 मीटरची फळी, टेबलाच्या कडेला लावायची कप्पी, दोरा, वजनं, हूक लावलेला 200 ग्रॅमचा लाकडी ठोकळा आणि 5 न्यूटनपर्यंत बल मोजणारा ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) एवढं आहे आत.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे ताणकाटा. ठोकळा नुसता लटकवला की काटा 2 न्यूटनच्या जरासा आत थांबतो, म्हणजे न्यूटन म्हणजे हाताला किती ओढ लागते ते पहिल्या मिनिटाला कळलं. मग तोच ठोकळा टेबलावर ठेवून हळूहळू ओढायचा. काटा 0.5, 0.6, 0.7 असा चढत जातो आणि ठोकळा ढिम्म हलत नाही, 0.8 च्या आसपास एकदम सुटतो आणि एकदा सरकायला लागला की काटा 0.6 वर येतो. लेक म्हणाली अगं हलत नव्हता तेव्हापण घर्षण वाढत होतं की! अगदी हेच, जेवढं आपण ओढतो तेवढंच ते उलटं ओढतं, त्याची मर्यादा संपेपर्यंत. नंतर तिने स्वतःच ठोकळा अरुंद बाजूवर उभा केला, आता कमी घासेल असं तिला (आणि मलाही) वाटलं होतं, काटा परत तिथेच. ठोकळ्यावर आणखी 200 ग्रॅम ठेवले तेव्हा मात्र बरोबर दुप्पट झालं.

ट्रॉलीबद्दल मात्र तक्रार आहे. कप्पीवरून 20 ग्रॅमचं वजन सोडून ट्रॉली ओढायची, ट्रॉली 380 ग्रॅमची, म्हणजे एकूण 400 ग्रॅम हलवायला साधारण 0.2 न्यूटन, त्वरण (दर सेकंदाला वेग किती वाढतो ते) आलं 0.49 मीटर प्रति सेकंद वर्ग. 80 सेंटीमीटर जायला हिशोबाने 1.8 सेकंद लागायला हवेत. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये मोजलं तर 2.2! दहा वेळा केलं, तेच. चाकं हाताने फिरवून बघितली तर एक चाक आसाला घासत होतं, नव्या वस्तूत असं असायला नको, आणि ट्रॉली हाच किटचा जीव आहे. शेवटी शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब सोडलं आणि वेळ 1.9 वर आला. तेल सोडल्यावर लेक बराच वेळ ट्रॉलीकडे बघत बसली आणि मग म्हणाली की आई, आपण बल वाढवलं नाही, अडवणारं कमी केलं, म्हणजे स्ट्रायकरला पण पुढे नेणारं बल नसतंच, थांबवणारं असतं, म्हणून तर आपण बोरिक पावडर टाकतो. मला त्या क्षणी पैसे वसूल झाले असं वाटलं, खरंच सांगते.

सोबतच्या पुस्तिकेवर माझा खरा राग आहे. एकतर इंग्रजी आणि हिंदीच, शेजारचा मराठी मीडियमचा मुलगा पण नववीतच आहे, हिंदी पानांवरचे त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द तेवढे त्याच्या ओळखीचे, बाकीचं त्याला नीट कळेना. महाराष्ट्रात विकताय तर चार पानं मराठीत द्यायला काय हरकत आहे? आणि दुसरं म्हणजे तिसरा नियम (प्रत्येक क्रियेला तेवढीच उलटी प्रतिक्रिया असते, तो) चुकीचा समजावलाय. टेबलावर पुस्तक ठेवलंय, पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबल वर ढकलतं ती प्रतिक्रिया, असं लिहिलंय. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, क्रिया-प्रतिक्रिया नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते तर पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, ही झाली एक जोडी, आणि टेबल-पुस्तकाची जोडी वेगळी. पोरं हेच वाचून परीक्षेत लिहिणार ना!

आणि तिसऱ्या नियमाचा सगळ्यात सोपा प्रयोग या किटमध्ये होतच नाही कारण ताणकाटा एकच आहे. मी दुसरा वेगळा घेतला, 120 रुपये. एक काटा दाराच्या कडीला अडकवला, त्याला दुसरा लावला आणि ओढायच्या आधी लेक आणि शेजारचा मुलगा, दोघांना विचारलं की कुठला जास्त दाखवेल. दोघंही म्हणाले हातातला, दार काय ओढतंय थोडंच. ओढलं तर दोन्हीवर 3 न्यूटन. मग दाराऐवजी दोघं समोरासमोर उभे राहिले, एकाने जोरात ओढायचं आणि दुसऱ्याने नुसतं धरायचं, तरी सारखंच, अर्धा तास काटे फसवायचा प्रयत्न चालला होता.

घ्यायचं असेल तर घ्या, मी परत घेईन, पण काउंटरवरच ट्रॉली उलटी धरून चारही चाकं फिरवून बघा आणि ताणकाटा रिकामा उभा धरून शून्यावर येतो का बघा, आमचा 0.1 वर होता, वरचा स्क्रू फिरवून शून्यावर आणावा लागला. दुसरा काटा त्याच वेळी घेऊन ठेवा.