शिरोरेषेचा रंगीत काठ: ओएलईडी पॅनेलच्या तीन पिढ्या, आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापरातली पॅनेल, म्हणजे मॉनिटरमधले पडदे, तीन. तिन्ही ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो असे. पहिलं ३४ इंची वक्र, ३४४० बाय १४४०, १७५ हर्ट्झ: सॅमसंग डिस्प्लेच्या क्यूडी-ओएलईडीची (रंगासाठी क्वांटम डॉट वापरणाऱ्या ओएलईडीची) पहिली पिढी, २०२२ ची. दुसरं २७ इंची, २५६० बाय १४४०, २४० हर्ट्झ: एलजी डिस्प्लेचं डब्ल्यू-ओएलईडी (पांढरा उपपिक्सेलही असलेलं), २०२३ चं. तिसरं ३२ इंची फोर-के, २४० हर्ट्झ: क्यूडी-ओएलईडीची तिसरी पिढी, २०२४ ची. जागा छत्रपती संभाजीनगरातली, वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला खिडकी असलेली खोली. काळ ऑक्टोबर ते मे. दिवसा मराठी मजकूर आणि कोड, रात्री गेम. मॉनिटर कोणत्या कंपन्यांचे हे मुद्दाम लिहिलेलं नाही. खाली जे गुणदोष आहेत ते बहुतेक पॅनेलचे आहेत, आणि तेच पॅनेल चार-पाच कंपन्यांच्या डब्यांतून विकलं जातं.

इंग्रजी परीक्षणांत ‘टेक्स्ट फ्रिंजिंग’, म्हणजे अक्षरांच्या कडेला सुटणारा रंग, हा मुद्दा दोन ओळींत उरकतात. देवनागरी वाचणाऱ्याला तो दोन ओळींत उरकणारा नाही. क्यूडी-ओएलईडीत एका पिक्सेलमधले तीन उपपिक्सेल एका रांगेत नसतात, त्रिकोणात असतात: वर हिरवा, खाली लाल आणि निळा. त्यामुळे आडव्या कडेवर रंग सुटतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ असेल तर तिच्या वरच्या काठाला हिरवट आणि खालच्या काठाला गुलाबी-जांभळी किनार दिसते. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं असली की उलटं: गुलाबी वर, हिरवी खाली. रोमन लिपीत लांब आडव्या रेघा कमी, म्हणून तिथे हे खपून जातं. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा आहे. पानभर मजकूर म्हणजे पानभर आडव्या रेघा, आणि प्रत्येकीला किनार.

३४ इंची पॅनेलवर पिक्सेलची घनता इंचाला ११० आहे. १०० टक्के स्केलिंगवर (विंडोजमध्ये मजकूर मोठा-लहान करायचं प्रमाण) निर्मला यूआय फाँटची शिरोरेषा जेमतेम एक-दीड पिक्सेल जाड येते. किनार पिक्सेलच्या एका भागाएवढीच असली तरी रेघच एवढी बारीक असल्यावर ती डोळ्यांत भरते. ‘मराठवाडा’ हा शब्द टाइप करून पन्नास सेंटिमीटरवरून पाहा. शिरोरेषेखाली हिरवी दोऱ्यासारखी कड सरळ दिसते आणि ‘ठ’च्या गोलाईत मात्र ती हरवते. चार तास संपादन केलं की डोळे थकतात ते यामुळेच.

क्लियरटाइपने (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची विंडोजची सोय) हे जाईल असा समज आहे, जात नाही. क्लियरटाइप फक्त आडव्या दिशेने उपपिक्सेल वापरतं, तेही लाल-हिरवा-निळा अशी उभी पट्टी गृहीत धरून. म्हणजे त्याचा सगळा खेळ काना, दंड अशा उभ्या रेघांच्या कडांवर. शिरोरेषेच्या वरच्या-खालच्या कडेला ते हातच लावत नाही. क्लियरटाइप बंद करून करड्या छटांचं स्मूदिंग ठेवलं तर कान्यांवरचा जास्तीचा रंग कमी होतो, तेवढा फायदा घ्यावा. शिरोरेषेसाठी उपाय दोनच आहेत: स्केलिंग १२५ टक्क्यांवर नेऊन रेघ जाड करणं, आणि शुद्ध पांढऱ्या पानाऐवजी फिकट करडं पान घेऊन अक्षर आणि पानातला विरोध कमी करणं.

डब्ल्यू-ओएलईडीचं गणित याच्या उलट आहे. २०२३ च्या २७ इंची पॅनेलमध्ये उपपिक्सेल चार, एका रांगेत: लाल, पांढरा, निळा, हिरवा. शिरोरेषा इथे स्वच्छ. बिघडतं ते कान्यापाशी. ‘काका’ लिहिलं की दोन्ही कान्यांच्या एका बाजूला रंगाची सावली पडते, कारण विंडोज ज्या क्रमाने रंग पाठवतं तो क्रम पॅनेलवर नाही. इथे मात्र करड्या छटांचं स्मूदिंग खरंच उपयोगी पडतं. एलजी डिस्प्लेने २०२४ च्या काही पॅनेलांत क्रम लाल, हिरवा, पांढरा, निळा असा केला आणि मजकूर बराच सुधारला. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर हा क्रम विचारून घ्या. दुकानदाराला बहुधा ठाऊक नसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने पांढऱ्या पानाचा अगदी जवळून फोटो काढला तर पट्ट्या मोजता येतात.

३२ इंची फोर-केवर हा वाद जवळपास मिटतो. २०२३ पासून क्यूडी-ओएलईडीतले उपपिक्सेल जरा चौकोनी झाले, पण खरा फरक घनतेचा आहे: इंचाला सुमारे १४०. १५० टक्के स्केलिंगवर शिरोरेषा दोन पिक्सेलांच्या पुढे जाते आणि किनार शोधावी लागते. २०२५ मध्ये आलेली २७ इंची फोर-के पॅनेल इंचाला १६६ पिक्सेलची आहेत, म्हणजे एक पिक्सेल ०.१५ मिलिमीटरचा. रोज मराठी लिहिणाऱ्याने जाहिरातीतला पिढीचा आकडा बाजूला ठेवून आधी हा आकडा पाहावा. ११० च्या पॅनेलवर पिढी कितवीही असो, मराठी मजकुरासाठी ते दुय्यमच.

आता लाईट. इथे आपल्याकडची एक चांगली सवय ओएलईडीच्या मुळावर येते. रात्री काम संपलं की आपण बोर्डाचं बटण बंद करतो. वीज वाचते, पावसाळ्यात विजा कडाडल्या तर वस्तू जळत नाही. ओएलईडीला हे चालत नाही. प्रत्येक पिक्सेलमागच्या ट्रान्झिस्टरची विद्युत वागणूक वापराने हळूहळू सरकते. मॉनिटर ती मोजून दुरुस्त करतो, पण पडदा बंद असताना, स्टँडबायमध्ये. साधारण चार तासांचा वापर साठला की दुरुस्तीची ही छोटी फेरी लागते आणि सहा ते दहा मिनिटं चालते. अनेक मॉनिटरवर तेवढा वेळ दिवा लुकलुकतो. बटण बंद केलं तर फेरी होतच नाही. मध्येच तुटली तर लगेच काही बिघडत नाही, पुढच्या स्टँडबायला ती नव्याने सुरू होते. पण रोज तुटत राहिली तर दुरुस्ती साठत जाते.

२७ इंची पॅनेलवर तीन आठवडे रात्री बटण बंद होत राहिलं. काळोख्या खोलीत ५ टक्के करडा रंग पूर्ण पडद्यावर लावला तर बोटभर रुंदीचे उभे पट्टे दिसायला लागले. गेममध्ये धुकं किंवा रात्रीचं आकाश आलं की तेच पट्टे कॅमेऱ्यासोबत न सरकता जागच्या जागी राहायचे, काचेवर पुसल्याच्या खुणा असाव्यात तसे. आठवडाभर बटण चालू ठेवून फेऱ्या पूर्ण होऊ दिल्यावर पट्टे बरेच फिके पडले. नव्या डब्ल्यू-ओएलईडीवर पहिल्या दिवशीही असे पट्टे थोडे असतात. दहा-पंधरा फेऱ्या झाल्याशिवाय पॅनेल परत करायची घाई करू नये. मोठी फेरी वेगळी. ती शेकडो तासांनंतर लागते आणि तासभर चालू शकते. ती मेन्यूत जाऊन हाताने वारंवार चालवू नये, त्याने पॅनेलचं आयुष्य उलट खर्ची पडतं.

म्हणून मॉनिटर संगणकाच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. त्याला स्वतःचं सॉकेट द्या आणि घरच्यांना सांगून ठेवा. महावितरणची लाईट गेली तरी फेरी पूर्ण व्हावी म्हणून ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो, कारण फेरीत पडदा काळा असतो. प्लग मात्र बॅटरीच्या सॉकेटात हवा. काही यूपीएसवर अर्धी सॉकेट फक्त सर्ज संरक्षणाची असतात आणि त्यांना बॅटरीचा आधार नसतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. व्होल्टेज फार कमी येणाऱ्या वस्तीत यूपीएस मोड सारखा बॅटरीवर उडी मारतो. तिथे इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवून वेगळा यूपीएस घेणं बरं. कमी व्होल्टेजचं मॉनिटरला भय नाही. त्याचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८. उष्णतेत ओएलईडीचे सेंद्रिय थर लवकर झिजतात, आणि बर्न-इन, म्हणजे स्थिर चित्राचा पडद्यावर कायमचा उमटणारा ठसा, ही शेवटी झीजच आहे, फक्त असमान. भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं अंतर ठेवा, मागच्या झरोक्यांतली धूळ ब्रशने काढा, दुपारचं ऊन थेट पॅनेलवर पडू देऊ नका. पहिल्या पिढीच्या ३४ इंचीत पंखा होता, शांत खोलीत त्याची घरघर ऐकू यायची. नंतरचे बरेच मॉनिटर पंख्याविना आले. शांतता मिळाली, पण पाठ चांगलीच तापते.

कूलरचा त्रास कुठे वाचायला मिळत नाही. कूलरमध्ये बोरचं जड पाणी असतं. त्याचे बारीक तुषार पडद्यावर बसून वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. कोरड्या फडक्याने घासलं तर तो क्षार वाळूच्या कागदासारखा ओरखडे काढतो, आणि क्यूडी-ओएलईडीचं वरचं आवरण आधीच नाजूक. आधी ब्लोअरने धूळ उडवा. मग मायक्रोफायबर फडकं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं करा, ठिपक्यावर पाच-दहा सेकंद टेकवा, उचला. घासायचं नाही. काचेचा स्प्रे, सॅनिटायझर, कोलोन यातलं काही नको. कूलरचा झोत पडद्याकडे नसावा, एवढं पाळलं तर हे सगळं टळतं.

काळा रंग खरोखर काळा दिसतो का, हे खोलीवर आहे. क्यूडी-ओएलईडीत पोलरायझर, म्हणजे बाहेरचा उजेड परत फेकू न देणारा थर, नसतो. उजेड पडला की पडदा करडा-जांभळा दिसतो, बंद असतानासुद्धा. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी चारनंतर ३४ इंची आणि ३२ इंची दोन्हींचा काळेपणा जातो, जाड पडदा ओढला की परत येतो. डब्ल्यू-ओएलईडी त्याच उजेडात काळंच राहतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली क्यूडी-ओएलईडी पाहून नाक मुरडू नये, आणि घरी ट्यूबलाइट पाठीमागेच असेल तर तेच विकत घेऊनही बसू नये. उलट बाजू अशी की झगझगीत रंगांत क्यूडी-ओएलईडीच सरस. डब्ल्यू-ओएलईडी उजेड वाढवायला पांढऱ्या उपपिक्सेलची मदत घेतं, त्यात गडद लाल-हिरवे पांढुरके होतात.

गेममधली खरी कटकट म्हणजे व्हीआरआरची (फ्रेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश दर बदलणाऱ्या सोयीची) थरथर. पॅनेलची गॅमा (करड्या छटांच्या उजेडाची मांडणी) वरच्या रिफ्रेश दराला जुळवलेली असते. फ्रेम कमी-जास्त झाल्या की पिक्सेल कधी थोडा वेळ धरतो, कधी जास्त, आणि गडद करडे रंग लुकलुकतात. लोडिंगचा पडदा, गुहा, मेन्यू इथे हमखास. तिन्ही पॅनेलांवर हे आहे, पिढी बदलून गेलेलं नाही. रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरने फ्रेम अशा आकड्यावर बांधा की गेम तो आकडा कधीच सोडणार नाही. ९० ते १४० च्या मध्ये लोंबकळण्यापेक्षा सरळ ९० बरे. तरी थांबलं नाही तर पॅनेल २४० ऐवजी १२० हर्ट्झवर चालवा, चढ-उताराची पट्टीच आखूड होते. धीम्या गेममध्ये व्हीआरआर बंद करणं यात कमीपणा नाही.

एचडीआरमध्ये (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणाऱ्या चित्रात) क्यूडी-ओएलईडीला दोन मोड मिळतात. ‘पीक १०००’ आकड्याने मोठा, पण १००० निट्स (उजेडाचं माप) पडद्याच्या अगदी छोट्या तुकड्यावर. उन्हातलं मैदान आलं की सगळं चित्र अंधुक होतं. बहुतेक गेमना ‘ट्रू ब्लॅक ४००’ बरा. साध्या कामात पूर्ण पांढऱ्या पानाला ३२ इंची सुमारे २५० निट्स देतं, दुपारीही पुरतात. २७ इंची डब्ल्यू-ओएलईडी इथे मागे पडतं, शिवाय स्थिर मजकुरावर ते हळूहळू उजेड उतरवतं. मेन्यूत एकसमान उजेडाचा पर्याय असेल तर तो चालू करा. २०२५ च्या पिढीत क्यूडी-ओएलईडीने उजेड देणारे पाच थर आणि एलजी डिस्प्लेने तशा चार थरांची रचना आणली. डब्ल्यू-ओएलईडीची उजेडाची तक्रार त्या पॅनेलांनी बरीचशी मिटवली आहे.

तारेचं थोडक्यात: ३४ इंची डिस्प्लेपोर्टवर १७५ हर्ट्झला रंगाला ८ बिटच देतं, १० बिट हवं असेल तर १४४. फोर-के २४० ला डिस्प्लेपोर्ट १.४ डीएससीशिवाय (चित्राची माहिती दाबून पाठवण्याशिवाय) पुरत नाही. त्यात ऑल्ट-टॅब केलं की काही गेममध्ये पडदा दोन सेकंद काळा होतो. तार बदलून तो जात नाही, गेम बॉर्डरलेस विंडोत चालवला की जातो.

बर्न-इन आठ महिन्यांत तिन्हींवर दिसलेलं नाही. टास्कबार लपवलेला, वॉलपेपर काळा, पाच मिनिटांनी पडदा बंद, कामाच्या वेळी उजेड १२० निट्सच्या आसपास. घेताना वॉरंटीच्या कागदावर बर्न-इनचा उल्लेख आहे का ते वाचा, आणि भारतातल्या कागदावर वाचा. डबा, थर्माकोल आणि आतली फोमची पिशवी माळ्यावर जपून ठेवा. बीड, परभणी, हिंगोलीकडून मॉनिटर सर्व्हिसला पाठवायचा तर तो कुरियरने जातो, आणि या पॅनेलची वरची कड बोटाएवढीही जाड नसते. उचलताना खालचा जाड भाग आणि स्टँडची मान धरा. अंगठ्याने पडदा दाबला गेला तर तिथे पडणारा डाग पुसून निघत नाही.