पेलेट, इथेनॉल, बायोगॅस की इंडक्शन? गाडीवाल्यांसाठी शेगडी बनवायची तर कशावर चालणारी

गाडीवर खाणं विकणाऱ्यांसाठी गॅसला पर्याय ठरेल अशी शेगडी बनवायचा धंदा डोक्यात असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो, शेगडी बनवणं हा यातला सोपा भाग आहे. पत्रा कापणारा आणि वेल्डिंग करणारा शोधला की मिळतो, अवघड आहे ते इंधन रोज धंद्याच्या आधी त्या गाडीवर पोचवणं. शेगडी विकून टाकली आणि इंधनाचं तुझं तू बघ म्हणून सोडलं की ती शेगडी गाडीखाली पडून राहते आणि माणूस परत सिलिंडरवर जातो. म्हणून इथे मी शेगडीपेक्षा इंधनाकडेच जास्त बघतोय.

आधी हिशोब. एक किलो एलपीजीत साधारण 46 मेगाज्यूल उष्णता असते, बऱ्या बर्नरवर त्यातली 55 टक्के भांड्याला लागते असं धरलं तर हातात येतात 25 मेगाज्यूल. तेवढंच काम करायला फॅनवाल्या चांगल्या शेगडीत पेलेट (म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) लागतात 4 किलोच्या आसपास, इथेनॉल (म्हणजे अल्कोहोल) सव्वादोन लिटर, बायोगॅस दोन घनमीटरच्या जरा वर आणि इंडक्शनला 8 युनिटपेक्षा थोडी जास्त वीज. यात तुमच्या भागातले भाव टाकले की कोण स्वस्त ते लगेच दिसेल. पण फक्त त्यावर ठरवू नका, कारण ज्याला दिवसाला 2 किलो गॅस लागतो त्याला 8 किलो पेलेट लागणार, आणि ती गोणी गाडीवर ठेवायची कुठे आणि पावसात कोरडी कशी ठेवायची हे तुम्हालाच सोडवून द्यावं लागेल.

पेलेटवर मी जास्त लिहितोय कारण छोट्या वर्कशॉपवाल्याला खरी संधी तिथेच दिसते. खालून थोडी हवा, वरच्या भोकांतून दुसरी हवा, लाकडातून निघालेला धूर तिथेच पेटतो आणि नीट जमलं तर जवळपास गॅससारखी आच मिळते. 12 व्होल्टचा छोटा फॅन हा सगळ्याचा जीव आहे, तो बंद पडला की मिनिटभरात धूर, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना धूर झाला तर गाडीवाला ती शेगडी परत हात लावणार नाही, त्यामुळे सोबत जादा फॅन द्याच. दुसरी अडचण म्हणजे एकदा भरून वरून पेटवायची जी साधी डिझाइन असते तिच्यात मधेच इंधन टाकता येत नाही, घरी चालतं, पण पाच तास सलग धंदा करणाऱ्याला नाही चालत, त्याला चालू असताना बाजूने पेलेट सरकवता येतील अशीच शेगडी लागते. ती बनवायला डोकं आणि वेळ दोन्ही जातं.

राखेकडे तर सगळे दुर्लक्ष करतात. स्वच्छ लाकडाच्या पेलेटमध्ये राख एखाद टक्क्याच्या आत असते, भाताच्या तुसात मात्र 20 टक्क्यांच्या आसपास, आणि शेतातल्या काडीकचऱ्याची राख बऱ्याचदा वितळून तिचे खडे होतात आणि जाळी बंद करतात. म्हणजे पेलेट कशाचे मिळणार हे कळल्याशिवाय जाळीचं ड्रॉइंग काढूच नका. पेलेट जळतात ते आतलं नळकांडं साध्या लोखंडी पत्र्याचं केलं तर ते लवकर जळून पातळ होतं, तिथे 304 किंवा परवडलं तर 310 ग्रेडचं स्टेनलेस वापरा आणि तो भाग चार स्क्रू काढून बदलता येईल असा ठेवा.

इथेनॉल दिसायला सगळ्यात सुटसुटीत, धूर नाही काजळी नाही. पण उन्हात त्याची ज्योत नीट दिसत नाही आणि विझली असं समजून गरम बर्नरमध्ये कोणी ओतलं तर भडका उडतो. बहुतेक शेगड्या घरगुती ताकदीच्या, मोठ्या कढईला कमी पडतात. वर अल्कोहोल म्हटलं की बऱ्याच देशांत परवान्याची भानगड आहेच. मिथेनॉलवर चालणारी शेगडी मात्र बनवूच नका असं माझं स्पष्ट मत, मिथेनॉल विष आहे, थोडं जरी पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते आणि खाण्याच्या गाडीवर तसली बाटली नको.

बायोगॅस फिरत्या गाडीसाठी नाहीच. तो साध्या दाबाने सिलिंडरमध्ये एलपीजीसारखा द्रव होत नाही, फुग्यात भरला तर फुगाच गाडीएवढा. प्लांटजवळ एका जागी उभ्या राहणाऱ्या स्टॉलना चालेल, तिथेही बर्नर वेगळा लागतो.

इंडक्शनमध्ये 80 ते 90 टक्के उष्णता भांड्यात जाते, याबाबतीत बाकी कोणी जवळ येत नाही. पण प्लग कुठे आहे? साडेतीन किलोवॅटची शेगडी पाच तास निम्म्या जोरावर चालवली तरी 9 युनिट जवळ, एवढी लिथियम बॅटरी साठ-सत्तर किलोची होते. अॅल्युमिनियमची भांडी साध्या इंडक्शनवर चालत नाहीत, गोल बुडाच्या कढईला खोलगट कॉइल लागते, आणि तळणीची वाफ आत ओढून आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड चिकट होतात ते वेगळंच. शिवाय बोर्ड दुसऱ्याचा आणि कॉइल दुसऱ्याची, तुमच्या हाताला काम फक्त डब्याचं.

मी असतो तर पेलेटने सुरुवात केली असती, तीही फक्त उकळणं, वाफवणं आणि तळणं अशी सलग आच लागणाऱ्या गाड्यांसाठी. ज्याला तव्यावर दर मिनिटाला आच कमीजास्त करावी लागते त्याला पहिल्या वर्षी विकायला जाऊ नका, तो नाराजच होईल. पेलेटवाल्याशी आधी बोलणी, शेगडीसोबत इंधनाची पोच, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची टेस्ट 2018 च्या आयएसओ 19867-1 या शेगड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे करून घ्या. बंद खोलीत ही शेगडी कधीच पेटवायची नाही हे तिच्यावरच ठळक छापा.

शेगड्या बनवायची मशीन घ्यायच्या आधी एवढं करा, ओळखीच्या तीन-चार गाड्यांवर आठवडाभर सिलिंडर उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, आच कधी मोठी कधी बारीक होते तेही लिहा, मग शेगडीचा आकार ठरवायला बसा.