जुन्या एस्टीमला टर्बो: शिवाजी उद्यमनगरातील एका वर्कशॉपचे काम

माझ्या जुन्या १२९८ सीसी मारुती एस्टीमला मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या वर्कशॉपमधून टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, बसवून घेतला. टर्बो विकत आणून कोणीही बोल्ट आवळू शकतो. या मिस्त्रींचे कसब त्याच्या अवतीभवतीच्या कामात आहे.

गाडी रस्त्यावर चालवणार की ट्रॅकवर, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि अशा गाडीचा विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, हे त्यांनी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच स्पष्ट केले. माझी गाडी ट्रेलरवरून जाऊन बंदिस्त ट्रॅकवरच पळते, म्हणून त्यांनी काम हाती घेतले.

सुपरचार्जरबद्दलही मी विचारले होते. तोही हवाच दाबतो, पण इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकच्या) पट्ट्यावर फिरत असल्यामुळे जोर लगेच मिळतो. पण तो फिरवण्यासाठी इंजिनाचीच शक्ती खर्ची पडते, शिवाय माझ्या गाडीत पट्ट्याच्या बाजूला तेवढी जागा नव्हती. टर्बो वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर, फिरतो, त्यामुळे तोच ठरला.

त्यानंतर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजण्यात आले. तिसऱ्याचा दाब कमी निघाला, तेव्हा हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंड केल्याशिवाय टर्बोला हात लावणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मला सर्वांत आवडले ते ऑइलच्या परतीच्या नळीचे काम. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल मात्र केवळ उताराने संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, परतते. नळी अरुंद असली किंवा मध्येच वर वळली, तर ऑइल तुंबते, सीलमधून पाझरते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. मिस्त्रींनी संप खाली उतरवून ऑइलच्या पातळीच्या वर भोक पाडले, आतला कीस धुऊन काढला आणि जाड नळी एकसारख्या उताराने बसवली.

बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, त्यांनी ०.४ बारवर रोखला. कागदावर ही ४० टक्के अधिक हवा होते. पण दाबलेली हवा तापते आणि तापल्यामुळे विरळ होते, म्हणून समोर ती हवा थंड करणारा इंटरकूलर लागतोच. वाढलेल्या हवेला पेट्रोलही वाढवून द्यावे लागते, अन्यथा नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन पिस्टन फुटतो. त्यासाठी मोठे इंजेक्टर आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक) बसवला गेला, आणि पूर्ण बूस्टला हवा-इंधनाचे प्रमाण एका भाग इंधनाला १२ भाग हवा या आसपास येईपर्यंत मॅपिंग, म्हणजे ईसीयूमधील आकड्यांची जुळवणी, चालू राहिले. दर फेरीनंतर प्लग काढून त्याची पोर्सेलिन भिंगाखाली पाहिली जात होती. गाडी आता मधल्या आरपीएमला जी ओढ घेते, ती समाधान देणारी आहे.

दोन तक्रारी नोंदवणे आवश्यक आहे. एका सेन्सरची वायर तापणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांच्या (मॅनिफोल्डच्या) फार जवळून नेली होती. दाखवून दिल्यावर ती त्यांनी विनामूल्य बदलली आणि उष्णतारोधक आवरण घातले. बिलात मात्र मजुरी आणि सुटे भाग एकत्रच लिहिलेले होते, त्यामुळे काम देणाऱ्याने अंदाजपत्रक आधीच लेखी आणि बाबनिहाय मागून घ्यावे.