ढेकूळ न फोडता केलेले माती परीक्षण

काटोल तालुक्यातील माझ्या संत्र्याच्या बागेत सलग दोन पावसाळे डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) वाढत गेला, म्हणून नागपुरातील एका खासगी प्रयोगशाळेची बागेत येऊन माती पाहण्याची सेवा मी घेतली. सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटक मला ठाऊक होते. त्या तपासणीसाठी माती वाळवून, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात; नत्र-स्फुरद मोजण्यासाठी ते योग्यच आहे, परंतु मातीच्या कणांची बांधणी, म्हणजे जिवाणू ज्या घरात राहतात ते घरच, त्यात मोडून जाते.

वाफसा आल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने फूटभर खड्डा खणला, एक ढेकूळ गवत असलेल्या धुऱ्यावरून (बांधावरून) आणि एक ट्रॅक्टर फिरणाऱ्या ओळींमधून घेतले, दोन्ही सावलीत वाळवली आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांत जाळीवर ठेवली. ओळींमधले ढेकूळ मिनिटभरात विरघळून तळाशी गाळ झाले; धुऱ्यावरचे दहा मिनिटांनंतरही आकार धरून होते आणि भोवतीचे पाणी जवळजवळ नितळ होते. बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण बांधून ठेवतात, आणि अशा बांधलेल्या कणांमधील बारीक पोकळ्यांत जिवाणूंना खाणारे आदिजीव शिरू शकत नसल्यामुळे तेथे जिवाणू टिकून राहतात, हे त्यांनी त्या दोन ग्लासांकडे बोट दाखवत समजावले. ढेकळाच्या बाहेरच्या अंगाला हवा लागणारे जिवाणू आणि काही मिलिमीटर आत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे नत्राचा वायू करून उडवणारे जिवाणू, असा शेजार एकाच ढेकळात असू शकतो. आपली भारी काळी माती भिजली की फुगते; त्यात ती ट्रॅक्टरने दाबली गेली असेल तर मोठ्या पोकळ्या मिटतात, पाणी साचते, आणि डिंक्या पसरवणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचे बीजाणू त्याच पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. टाकलेल्या युरियाच्या मानाने झाडे पिवळी का राहत होती, याचेही एक कारण मला नत्र उडवणाऱ्या त्या जिवाणूंत सापडले. एवढ्यासाठी दिलेले पैसे मला योग्य वाटतात.

अहवालाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आठ दिवसांत देतो म्हणून तो तीन आठवड्यांनी मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिवाणूंची मोजणी करताना ढेकूळ पाण्यात पूर्ण घोळून आतल्या-बाहेरच्या सगळ्यांचा एकच आकडा दिला होता, आणि बशीत वाढवून मोजण्याच्या त्या पद्धतीत मातीतले थोडेच जिवाणू उगवतात. शेवटच्या पानावर जिवाणू संवर्धकाच्या (मातीत सोडायच्या उपयोगी जिवाणूंच्या) बाटल्यांची छापील शिफारस होती. ज्या ओळींत हवा खेळत नाही तेथे हवेवर जगणारा अॅझोटोबॅक्टर हा नत्र बांधणारा जिवाणू ओतून काय साधेल, असे मी फोनवर विचारले, तेव्हा उत्तर मिळाले नाही.

बागेतील तपासणी मी पुन्हा नक्की घेईन, जिवाणूंचा आकडा विकत घेणार नाही. सध्या ओळींमधला रोटाव्हेटर बंद केला आहे, गवत कापून तेथेच पसरतो आहे आणि पाणी काढून देणारे चर खणले आहेत. पुढच्या वर्षी त्याच जागेचे ढेकूळ पुन्हा ग्लासात ठेवून पाहीन.