स्क्रब ओकचे एकॉर्न घ्या, कुंडी घेऊ नका

मागच्या नोव्हेंबरात इथे कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोत एका नेटिव्ह (इथल्याच मूळच्या) झाडांच्या नर्सरीतून स्क्रब ओकच्या, म्हणजे झुडपासारख्या ओक झाडाच्या, 20 एकॉर्नची (बियांची) पुडी घेतली, नाव लिहीत नाही कारण तक्रार करायचीय आणि माणसं भली आहेत. मागच्या उतारावर लॉन जगवून जगवून थकलो, वर्षाला जेमतेम 10 इंच पाऊस तोही हिवाळ्यात, पाण्याचं बिल बघून बायको म्हणाली डोंगरावर आपोआप वाढतं तेच लाव की. इथल्या झुडपी डोंगरांना चॅपरल म्हणतात ना, तो शब्दच मुळी या ओकच्या स्पॅनिश नावावरून आलाय.

एकॉर्न म्हणजे लांबट सुपारी, डोक्यावर खवल्यांची टोपी. पुडी ओलसर भुशात, फ्रिजमधून काढून दिली, हे एकदम बरोबर, कारण आंब्याच्या कोयीसारखं हे बी पार सुकलं की मेलं. पण घरी पाण्याच्या बादलीत टाकले तर 6 तरंगले, म्हणजे बहुतेक आतून खराब, चारांना बारीक भोकं, म्हणजे अळी आधीच जेवून गेलेली. पैसे मात्र 20 चे.

खरा राग कुंडीचा. त्यांनीच गळ्यात मारलेली, 6 इंच खोल. हा ओक आधी खाली जातो मग वर येतो, दीड महिन्यात मातीवर काहीच दिसेना म्हणून एक उकरून बघितला तर मूळ तळाशी जाऊन जिलबीसारखं गोल गोल फिरलेलं!! मग सगळे हळूच काढून 14 इंची उंच, बुडाला जाळी असलेल्या कुंड्यांत आडवे ठेवून इंचभर मातीखाली लावले. तिथे मूळ खाली हवेला लागलं की थांबतं, वेटोळं होत नाही. दोन खारीने पळवले (वरूनही जाळी लावा, मी उशिरा लावली), मार्चपर्यंत 9 उगवले, पानं नखाएवढी पण काटे आत्ताच टोचतात.

सोबतच्या कार्डावर "उन्हाळ्यात आठवड्याला पाणी" एवढंच. कुंडीतल्या रोपाला ठीक आहे हो, पण जमिनीत रुजलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात सारखं पाणी घातलं तर मूळ कुजतं, ते कोण सांगणार?

एकॉर्नला 4 स्टार, कुंडीला 1. या नोव्हेंबरात परत जाणार, बादली बरोबर घेऊन, काउंटरवरच तरंगवून बघणार.